जावयांचा मूळपुरुष गियोम त्राहां: वंश कोणत्या बायकोचा?

जुना_तलाठी

नमस्कार मंडळी. इथला वाचक जुना आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरी सगळी कोरेगाव-खटाव पट्ट्यात. सध्या लेकीकडे, अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या लाफायेत गावी मुक्काम आहे. जावई इथलेच, केजन समाजातले. आडनाव त्राहां.

व्याही तेलविहिरींवर वेल्डर होते. आता सकाळी कॉफी आणि दुपारी वंशावळ असा त्यांचा कार्यक्रम असतो. केजन म्हणजे मूळचे अकादी. अकादी म्हणजे सतराव्या शतकात आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडे गेलेले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना गावंच्या गावं रिकामी करून जहाजांत कोंबलं आणि देशोधडीला लावलं. एवढा इतिहास त्यांनी माझ्याकडून पाठच करून घेतलाय. त्यांच्याकडे इंटरनेटवरून छापून आणलेला वंशवृक्षाचा मोठा तक्ता आहे. सगळ्यात वर गियोम त्राहां, १६३६ साली फ्रान्सहून आला. सगळ्यात खाली माझी नात.

आता सवय जात नाही. तक्ता समोर आला की पेन्सिल हातात येतेच. माझ्या हरकती अशा:

एक. गियोमला दोन बायका दाखवल्यात, फ्रांस्वाझ कोर्बिनो आणि मादलेन ब्रं. एका संकेतस्थळावर सगळे मुलगे थोरलीच्या पोटचे, दुसऱ्यावर सगळे धाकटीच्या. वारसनोंदीत आई चुकली की पुढचं सगळंच संशयास्पद.

दोन. लग्न १६२७ चं, आणि १६७१ च्या खानेसुमारीत वय ६०. म्हणजे सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढला? आमच्याकडे त्या काळात कोणी भुवई उंचावली नसती, पण फ्रान्समधल्या कारागिराचं काय?

तीन. मधे एक जोसेफ त्राहां आहे. हा अकादीतल्या पिसिगी गावी जन्मला, मेरीलँडमध्ये त्याचं लग्न झालं, एक लेकरू लिव्हरपूलला झालं, दुसरं फ्रान्समध्ये, आणि वारला लुइझियानात. एवढी फिरती तर आमच्या साहेबांनीसुद्धा कधी दाखवली नाही. मला यात किमान दोन जोसेफ दिसतात.

चार. व्याह्यांच्या आई म्हणायच्या की घराण्यात कुणी एक मूळनिवासी, मिकमाक जमातीची आजी होती. तक्त्यात ती कुठेच नाही.

मला फ्रेंच येत नाही. जावयांच्या आत्याला येतं, तेही जुन्या वळणाचं, आणि त्यांना हौस आहे. मूळ कागद कुठे आहेत, घरबसल्या कोणते बघता येतील आणि सुरुवात कुठून करावी?

---

हॅलिफॅक्सवाली

काका, नमस्कार. सासर-माहेर दोन्ही पुण्याचं, त्यामुळे माझा त्राहां मंडळींशी काडीचा संबंध नाही. पण नोव्हा स्कोशियात राहून या नादाला लागले आणि आता सुटत नाही. तुमची पेन्सिल चारही ठिकाणी बरोबर टेकली आहे. लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी गियोमबद्दल कागद काय म्हणतात ते. १३ जुलै १६२७ रोजी शिनों गावच्या सेंट एत्येन चर्चमध्ये त्याचं फ्रांस्वाझ कोर्बिनोशी लग्न झालं. वडील निकोला त्राहां, आई रने देलोज. शिनों म्हणजे फ्रान्सच्या मध्यभागी, लुआर नदीच्या खोऱ्यातलं. त्यानंतर तो सापडतो १ एप्रिल १६३६ च्या यादीत. ला रोशेल बंदरातून ‘सें-जां’ नावाचं जहाज अकादीला निघालं, त्याच्या उतारूंची ही यादी. गियोम राहणार बूर्गयचा, सोबत बायको, दोन मुलं आणि एक गडी. धंदा धारेच्या हत्यारांचा लोहार, म्हणजे कुऱ्हाडी, विळे, कोयते करणारा. त्याच यादीत त्याच भागातला पिएर मार्तँ आणि त्याची बायको कातरीन व्हिन्यो आहेत. बायकापोरं घेऊन शेती करायला निघालेल्या पहिल्या काही कुटुंबांतली ही दोन. त्याआधी जे गेले ते बहुतेक सडेफटिंग: कातड्यांचे व्यापारी, शिपाई, कोळी. मे महिन्यात जहाज ला एवला लागलं आणि थोड्याच काळात वस्ती पोर्ट रॉयलला हलली.

पुढची नोंद १६५४ ची, आणि तुम्हाला आवडेल अशी. बॉस्टनहून रॉबर्ट सेजविक आरमार घेऊन आला आणि पोर्ट रॉयल पडलं. ऑगस्टमध्ये जो शरणागतीचा करारनामा झाला त्यात रहिवाशांचा मुखत्यार म्हणून नाव आहे गियोम त्राहांचं. अठरा वर्षांपूर्वी गडी घेऊन आलेला लोहार आता गावाच्या वतीने बोलतोय.

मग १६७१. फादर लोराँ मोलँ या पाद्र्याने घरोघर फिरून अकादीची पहिली नावनिशीवार खानेसुमारी केली. त्यात गियोम ६० वर्षांचा, बायको मादलेन ब्रं २५ वर्षांची. मुलगे तीन: गियोम ४, जां-शार्ल ३, आलेक्सांद्र १. तुमच्या पहिल्या हरकतीचं उत्तर याच नोंदीत आहे. आज जगात या घराण्याचे जितके त्राहां आहेत ते सगळे याच तीन पोरांमधून आलेले. म्हणजे तुमच्या नातीची मूळ आजी धाकटी, मादलेन. थोरल्या फ्रांस्वाझच्या पोटचा, नाव पुढे चालवणारा मुलगा कुठल्याच कागदात नाही.

पण फ्रांस्वाझचा वंश बुडाला असं समजू नका. तिची मुलगी जान त्राहां हिचं लग्न जाक बूर्ज्वा या शल्यवैद्याशी झालं. हाच पुढे साधारण १६७२ मध्ये पोर्ट रॉयल सोडून ईशान्येला गेला आणि त्याने बोबासँ ही वस्ती उभी केली. अकादीतले बूर्ज्वा सगळे फ्रांस्वाझची नातवंडं-पतवंडं. गंमत म्हणजे १६७१ च्या त्याच खानेसुमारीत जान ४० वर्षांची आहे, तिला दहा मुलं आहेत आणि थोरली २७ ची. सावत्र आई लेकीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि सावत्र नातीपेक्षाही लहान! आलेक्सांद्र हा वर्षाचा मामा, आणि भाची लग्नाच्या वयाच्याही पुढे गेलेली. पिढ्या अशा एकमेकींत अडकल्यामुळेच इंटरनेटवरचे हौशी लोक गडबडतात. वय बघून ‘हा मुलगा थोरलीचाच असणार’ असं ठोकून देतात.

मादलेनचं मूळही पक्कं आहे. २५ जानेवारी १६४५ ला तिचा बाप्तिस्मा फ्रान्समध्ये, लुदंजवळच्या ला शोसे गावात झाला. वडील वँसां ब्रं, आई रने ब्रो. म्हणजे १६३६ ला गियोम जहाजात चढला तेव्हा ती जन्मलीसुद्धा नव्हती. १६७८ च्या गणतीत दोघं आहेत. त्यानंतर गियोम वारला आणि मादलेनने पिएर बेझिएशी दुसरं लग्न केलं. तेव्हा उतरत्या तक्त्यात कुठे बेझिए नाव दिसलं तर दचकू नका.

वयाचं म्हणाल तर सोळाव्या वर्षी धंदा शिकून, दुकान मांडून लग्न करणारा कारागीर त्या भागात मला तरी पटत नाही. ६० हा गोळाबेरीज आकडा आहे. १६०० च्या आसपासचा जन्म धरला तर सगळं जुळतं. म्हणजे १६७१ मध्ये तो सत्तरीचा, आणि मांडीवर वर्षाचा आलेक्सांद्र.

तसाही मोलँसाहेबांना लोकांनी सरळ उत्तरं कुठे दिली? पिएर लानू नावाच्या पिंपं बनवणाऱ्याला वय विचारलं तर म्हणाला, माझी तब्येत ठणठणीत आहे, वय सांगणार नाही. एत्येन रोबिशो घरातून निघूनच गेला आणि बायकोला सांगून गेला, त्या पाद्र्याला सांग की गुराढोरांचा आणि जमिनीचा हिशेब मिळणार नाही. पिएर मेलांसोंच्या बायकोने तर तोंडावर विचारलं, असल्या गोष्टींसाठी गल्लोगल्ली हिंडायला तुम्हाला वेड लागलंय का? बिचाऱ्याने हे सगळं इमानेइतबारे लिहून ठेवलंय.

आता मूळनिवासी आजी. गियोमच्या दोन्ही बायकांचे फ्रान्समधले कागद असल्यामुळे तिथे तरी ती नाही. तुमच्या व्याह्यांच्या दुसऱ्या एखाद्या फांदीवर असू शकेल, कारण पोर्ट रॉयलच्या सुरुवातीच्या काळात फ्रेंच पुरुष आणि मिकमाक बायका यांची लग्नं खरंच झाली. पण ‘आजी सांगायची’ एवढ्यावर मूळपुरुषाच्या शेजारी नाव चिकटवू नका.

जोसेफबद्दल रात्री लिहिते. त्याला वेळ लागेल.

---

बंड्या_बोस्टन

एवढं कशाला? काकांनी व्याह्यांना डीएनए किट भेट द्यावं. थुंकी पाठवा, दोन महिन्यांत मूळनिवासी आजी, जोसेफ, सगळं स्क्रीनवर. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांच्या अक्षरात डोळे फोडायची गरज नाही.

---

जनुकीय_जोशी

बंड्याशेठ, इतर समाजांत चालेल, इथे गंडाल. अकादी लोक काही डझन कुटुंबांतून वाढले आणि शंभर-सव्वाशे वर्षं आपापसांतच लग्नं करत राहिले. त्यामुळे दोन केजन माणसांच्या चाचणीत इतका सामाईक भाग निघतो की संगणक सांगतो, हे तुमचे जवळचे चुलतभाऊ. प्रत्यक्षात नातं सहा-सात पिढ्यांमागचं असतं, फक्त ते पाच-सहा वाटांनी लागतं. अंतर मोजायचं तर कागदच लागतो.

मात्र आईकडून आईकडे जाणाऱ्या रेषेसाठी चाचणी फार कामाची. रादगोंद लांबेर नावाची एक आद्य अकादी स्त्री, जां ब्लांशारची बायको. तिला वर्षानुवर्षं वंशवृक्षांत बिनधास्त मिकमाक लिहीत आले. तिच्या मुलींच्या मुलींच्या मुली अशा सरळ रेषेतल्या आजच्या बायकांची चाचणी झाली, तर जनुकीय गट निघाला युरोपातला, एक्स-टू-बी. कातरीन आणि एदमे लेजन या दोघींची तर अजब गोष्ट. त्यांचा गट यू-सिक्स-ए, म्हणजे बीज उत्तर आफ्रिका-आयबेरियाच्या बाजूचं. ‘मूळनिवासी असाव्यात’ हा तर्क दोघींच्या बाबतीत बाद झाला. उलट रने रँबोची बायको आन-मारी हिचा गट ए निघाला, ती खरोखर इथल्या मातीतली.

तेव्हा काका, व्याह्यांच्या आईच्या आईच्या आईची रेषा आधी कागदावर मांडा. टोकाला कोण बाई येते ते बघा. किटचे पैसे नंतर.

---

खारबंदिस्ती_रायगड

वंशावळीतलं मला कळत नाही. पण हे लोक शेती कशी करायचे ते वाचून मी थक्क झालो. मी खारभूमी खात्यात काढलेला माणूस. पोर्ट रॉयलच्या परिसरात भरती-ओहोटीत प्रचंड फरक, आणि या मंडळींनी जंगल तोडायचं सोडून खाडीकाठची दलदल बांध घालून लागवडीला आणली. बांध चिखल आणि गवताच्या चौकोनी विटांचा. त्याच्या पोटात पोखरलेला ओंडका, आणि ओंडक्याच्या तोंडाशी बिजागरीची लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर, भरती आली की समुद्राच्याच दाबाने झडप बंद. आमच्याकडची उघाडी किंवा गोव्यातल्या खाजणांची मानस, तत्त्व तेच! पुढे दोन-तीन वर्षं पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचं आणि मग गहू. असे बांध एकट्या घराचं काम नव्हे, तिकडेही भाऊबंद आणि शेजारी मिळूनच राखायचे. काकांच्या तक्त्यातल्या माणसांची वस्ती पिसिगीला का हलली याचं उत्तर बहुधा यातच असेल. तिथेही तीच दलदल आहे.

---

हॅलिफॅक्सवाली

खारबंदिस्ती, बरोबर ओळखलंत. पोर्ट रॉयलची दलदल भरली तशी पुढची पिढी मिनास खाडीकडे सरकली: ग्रां प्रे, पिसिगी. काकांच्या फांदीवर पिसिगी आहे म्हणजे ते याच ओघातले.

आता जोसेफ. काका, दोन कसले, मी अंदाजाने सांगते, तीनसुद्धा निघतील. अकादी लोकांत नावांची चैन नव्हती. जां, पिएर, जोसेफ, शार्ल आणि मुलींत मारी, मार्गरित, आन. चार सख्ख्या भावांनी आपापल्या मुलाचं नाव जोसेफ ठेवायचं, वर आडनाव एकच. यातून वाट काढायला एक मोठा आधार आहे. फ्रेंच नोंदींत बाई शेवटपर्यंत माहेरच्या नावाने राहते. लग्न, बाप्तिस्मा, दफन, सगळीकडे. त्यामुळे ‘जोसेफ त्राहां’ असा शोध न घेता ‘जोसेफ त्राहां आणि अमकी तमकी’ अशी जोडी शोधायची. बायको वेगळी आणि पहिली मेल्याची नोंद नाही, तर जोसेफ वेगळा.

दुसरा आधार विवाहातल्या सवलतीचा. चर्चच्या नियमाने चार पिढ्यांच्या आतलं नातं असेल तर लग्नाला खास परवानगी लागायची, आणि पाद्री ती नोंदवहीत लिहायचा: तिसऱ्या पायरीचं नातं, चौथ्या पायरीचं नातं. तिसरी पायरी म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एक. चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. मामाच्या मुलीशी बिनदिक्कत सोयरीक करणाऱ्या आपल्या मुलखाला हे सोवळं वाटेल, पण ज्या काळच्या नोंदवह्या हरवल्यात त्या काळचं नातं या एका ओळीवरून बांधता येतं. मॉन्क्टन विद्यापीठाच्या अकादी अभ्यास केंद्रातल्या स्टीफन व्हाइट यांनी १९९९ मध्ये अकादी घराण्यांचा दोन खंडांचा कोश काढला, त्यात त्यांनी अशा सवलतींचा पुरेपूर उपयोग केलाय. आत्याबाईंना वाचनालयातून तो मिळवून द्या. १७१४ पर्यंतची माणसं त्यात आहेत.

कागदांची जागा आता सांगते. पोर्ट रॉयलच्या सेंट-जां-बातिस्त चर्चच्या वह्या १७०२ पासूनच्या उरल्यात. त्या इथे हॅलिफॅक्सच्या अभिलेखागारात आहेत आणि पानांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. ग्रां प्रेच्या सेंट-शार्ल चर्चच्या वह्यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. हद्दपार झालेल्या लोकांनी त्या सोबत नेल्या, आणि हिंडत फिरत त्या लुइझियानात पोचल्या. आज त्या बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहेत, म्हणजे तुमच्या लेकीच्या घरापासून मोटारीने तासाभरावर! पिसिगीच्या वह्या मात्र गेल्या. तुमची अडचण नेमकी तिथे आहे.

पिसिगीच्या त्राहांना तीन वाटा फुटल्या. काही मेरीलँडला उतरवले गेले. ते १७६० नंतरच्या दशकात जहाजं ठरवून लुइझियानात आले. काहींना व्हर्जिनियाला पाठवलं, पण तिथल्या गव्हर्नर डिनविडीने १७५६ मध्ये सगळ्यांना पुढे इंग्लंडला लावून दिलं. लिव्हरपूल, साउथॅम्प्टन, ब्रिस्टल, फाल्मथ अशा बंदरांत सात वर्षं नजरकैद, त्यात देवीची साथ. १७६३ च्या तहानंतर ते फ्रान्सला परतले आणि त्यातले काही १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून न्यू ऑर्लिन्सला आले. आणि काही कायमचे फ्रान्समध्ये राहिले. म्हणून मेरीलँडमध्ये लग्न झालेला जोसेफ आणि लिव्हरपूलला बाप झालेला जोसेफ एक असणं जवळजवळ अशक्य.

मेरीलँडवाल्यांतली एक कथा तुमच्या व्याह्यांना नक्की माहीत असेल. १७६९ च्या जानेवारीत ‘ब्रिटानिया’ नावाचं गलबत मेरीलँडहून सुटलं. त्यात ओनोरे त्राहांचं कुटुंब होतं. मिसिसिपीचं मुख चुकलं आणि गलबत थेट टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं. स्पॅनिश शिपायांनी सगळ्यांना ला बाहियाच्या ठाण्यावर नेऊन कामाला जुंपलं. अनेक महिन्यांनी सुटका झाली तेव्हा ही माणसं खुश्कीच्या मार्गाने लुइझियानातल्या नॅकिटोशपर्यंत आली, बायकापोरांसकट.

---

नांतकर_नाना

फ्रान्सच्या बाजूचं थोडं माझ्याकडून. इंग्लंडहून परतलेल्यांपैकी ७८ कुटुंबांना १७६५ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या बेल-ईल या बेटावर जमिनी दिल्या. बेट नुकतंच इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेलं, शेतं पडीक. त्राहां घराणी तिथे भरपूर. आता यांच्याकडे जन्माचे दाखले कुठून असणार? म्हणून १७६७ मध्ये ब्रिटनीच्या न्यायालयाने हुकूम काढला की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने शपथेवर वंशावळ सांगावी आणि ती लिहून घ्यावी. आईबाप कोण, आजे-पणजे कोण, कोण कुठे जन्मला, कोण जहाजावर मेला, कोण कुठल्या वसाहतीत अडकून पडलाय. साक्षीला शेजारी आणि पाद्री. पिसिगीच्या वह्या हरवल्याची भरपाई बऱ्याच अंशी या जबान्यांनी होते. छापील प्रती आहेत आणि इंटरनेटवरही सापडतात.

एक सावधगिरी. माणूस बापाबद्दल सहसा बरोबर सांगतो, आजोबापर्यंत ठीक. पणजोबाच्या पुढे ‘फ्रान्सहून आला’ एवढंच. या जबान्यांतून वर चढताना १६७१ ची खानेसुमारी शेजारी ठेवूनच चढा.

आणि तुमचे व्याही कधी इकडे आलेच तर मादलेन ब्रंच्या ला शोसेत जा. गाव एवढंसं, पण तिथे अकादी लोकांचं संग्रहालय आहे आणि बाप्तिस्मा झालेलं चर्चही उभं आहे.

---

जुना_तलाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यंतरी गप्प होतो, कारण काम निघालं.

ताईंच्या जोडीच्या युक्तीने जोसेफची वाटणी केली. तक्त्यातल्या एका जोसेफचे दोन झाले: एक मेरीलँडचा, दुसरा लिव्हरपूल आणि बेल-ईलचा. दोघांच्या बायकांची माहेरची नावं वेगळी, आणि मुलं ज्या वर्षी इंग्लंडमध्ये झाली त्याच वर्षांत मेरीलँडवाल्याचंही पोर जन्माला आलेलं. व्याही पहिल्यांदा नाराज झाले. बेल-ईलची गोष्ट त्यांच्या फार जिवाभावाची होती. मग आत्याबाई म्हणाल्या, आपण कुठल्या जोसेफचे ते अजून ठरलंय कुठे? तेव्हा कुठे त्यांनी कॉफी प्यायली.

ते ठरवायला खालून वर जायचं असं ठरवलं. चर्चच्या नोंदींसाठी फादर डोनाल्ड एबेर यांनी नैर्ऋत्य लुइझियानाच्या नोंदींचे जे जाडजूड खंड काढलेत ते वाचनालयात आहेत. व्याह्यांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्यात मिळाला. पण मला खरा आनंद झाला तो कोर्टाच्या अभिलेख कक्षात.

मंडळी, काय सांगू! इथे माणूस मेला की त्याच्या घरी जाऊन मालमत्तेची यादी करायचे. नांगर, बैलांची जोडी, लोखंडी कढई, अमुक एकर माळ, वर प्रत्येकाची किंमत. आणि खाली वारस. वारस लहान असतील तर पालक कोण, त्या पालकावर देखरेखीला दुसरा कोण, आणि नातेवाइकांची सभा कुठल्या दिवशी भरली, कोण काका, कोण मामा हजर होते, सगळं लिहिलेलं. आमच्या सातबाऱ्यावर लहान वारसापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालनकर्त्याचं नाव टाकतात, तेच हे, फक्त दहापट तपशिलात. एका नोंदीत एक भाऊ सभेला आला आणि सही न येत असल्यामुळे त्याने फुली मारली. शेजारी कारकुनाने लिहिलंय की ही फुली अमक्याची. ही पद्धत ओळखीची वाटून मी तिथेच हसलो, तर काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

त्या सभेत मुलांचा मामा म्हणून हजर असलेल्या माणसावरून आईचं माहेर कळलं. माहेरावरून लग्न सापडलं. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचा बाप आहे, पण त्याचं नाव नुसतं ‘पिएर त्राहां, मयत’. हा पिएर १७९० च्या सुमारास अट्टाकापास भागात होता एवढं कळतं. लाफायेत परगणा वेगळा झाला १८२३ मध्ये, त्याआधीचं काही इथल्या कोर्टात नाही.

मूळनिवासी आजीची चौकशीही सुरू आहे. व्याह्यांच्या आईची आईकडची रेषा आत्याबाई लिहून काढताहेत. चार पिढ्या झाल्या. जोशीबुवा, टोकाला पोचलो की कळवतो, किट तोवर नाही.

ताई, आता या पिएरचं काय करू? मेरीलँडचा जोसेफ आणि बेल-ईलचा जोसेफ, दोघांनाही पिएर नावाचा मुलगा आहे.

---

हॅलिफॅक्सवाली

काका, तुम्ही निवृत्त झालात हे महसूल खात्याचं नुकसान आहे.

लाफायेत आधी सेंट मार्टिन परगण्यात होतं, तेव्हा आता सेंट मार्टिनव्हिलचं कोर्ट. तिथे स्पॅनिश काळापासूनचे मूळ दस्त आहेत: खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि लग्नाचे करार. लग्नाचा करार आधी काढा. त्यात वधूवरांचे आईबाप आईच्या माहेरच्या नावासकट असतात, आणि बहुतेक वेळा वर कुठला राहणारा तेही. पिएरच्या जन्मगावापुढे मेरीलँड आलं की एक जोसेफ, बेल-ईल किंवा ब्रिटनी आलं की दुसरा.

करार नाही मिळाला तर १७८५ च्या सात जहाजांच्या याद्या बघा. कुटुंबवार आहेत, वयासकट. त्यात या वयाचा पिएर आईबापांबरोबर उतरलेला दिसला आणि पुढे अट्टाकापासला जमीन घेताना दिसला, तर व्याह्यांना त्यांची बेल-ईल परत मिळेल. नाही दिसला तर ‘ब्रिटानिया’ची आणि मेरीलँडहून आलेल्या बाकी गलबतांची बाजू धरा.

अक्षर अडलं तर पानाचा फोटो इथे टाका. स्पॅनिश कारकुनांनी त्राहांचं स्पेलिंग निदान सहा तऱ्हांनी केलंय, त्यामुळे अनुक्रमणिकेत ‘टी’ बरोबर ‘डी’सुद्धा चाळा.

---

जुना_तलाठी

‘डी’ चाळायचं लक्षात आलं नव्हतं. सोमवारी आत्याबाईंना घेऊन सेंट मार्टिनव्हिलला जातोय. त्यांनी डबा करते म्हणून सांगितलंय, आणि व्याही गाडी चालवणार आहेत.